गाडी मालकाची, जीव चालवणाऱ्याचा

आखाजीच्या आठवड्यात खान्देशात गाडी मालकाच्या दारात फारशी उभी राहत नाही. लेकीला माहेरी आणायचे असते. तिला घ्यायला भाऊ निघतो आणि भावाकडे गाडी नसली तर शेजारच्या आबांची किंवा भाऊबंदातल्या कोणाची तरी गाडी मागून घेतली जाते. ‘लई जाय भाऊ’ एवढ्यावर व्यवहार होतो. लग्नसराईत तेच. चैत्रात सप्तशृंगी गडाकडे पायी निघालेल्यांच्या मागून सामानाची पिकअप न्यायची असली तरी तेच. रात्री-अपरात्री कोणाला जळगावच्या किंवा धुळ्याच्या दवाखान्यात हलवायचे असले तर विचारण्याचीही गरज पडत नाही. अडल्या वेळी गाडी मागितली आणि दिली नाही, ही गोष्ट गाव वर्षानुवर्षे विसरत नाही. परत करताना टाकीत डिझेल टाकले की हिशेब मिटला, असे दोन्ही बाजू मानतात.

या उदारपणात वावगे काहीच नाही. तो टिकावा असाच आहे. प्रश्न उभा राहतो गाडी धड परत न आल्यावर. मागून आणलेल्या गाडीला पारोळ्याजवळ किंवा सोनगीरच्या पुढे अपघात झाला, रस्त्यावरचा कोणी जखमी झाला आणि चालवणारा जागीच गेला, तर काय होते? जखमीला त्या गाडीच्या विम्यातून भरपाई मिळण्याची वाट कायद्याने ठेवली आहे. पॉलिसी ‘फुल्ल’ असेल तर पत्र्याचे आणि इंजिनाचे पैसे मालकाला मिळतात. चालवणाऱ्याच्या बायकोमुलांच्या हाती मात्र त्याच पॉलिसीतून बहुतेक वेळा काही पडत नाही. हे आधी कोणी सांगितलेले नसते, आणि कळते तेव्हा दिवसकार्य उरकून गेलेले असते.

मालक नसलेला चालक म्हटले की शहरात भाड्याने मोटार घेऊन फिरणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. खान्देशात तो घरोघरी आहे. मोटारसायकल वडिलांच्या नावावर असते, चालवतो मुलगा. स्कूटर नवऱ्याच्या नावावर असते, तिच्यावर मुलांना शाळेत सोडायला जाते बायको. आरसी बुकावर ज्याचे नाव तो मालक. बाकी सगळे कायद्याच्या लेखी दुसऱ्याचे वाहन चालवणारे. रावेर-सावद्याहून केळी भरून उत्तरेकडे निघालेल्या ट्रकचा ड्रायव्हर, अमळनेर आगाराचा एसटी चालक, काळी-पिवळीवर मालकाच्या जागी बसलेला बदली ड्रायव्हर, जळगाव एमआयडीसीत मालाच्या फेऱ्या मारणारा छोटा हत्तीवाला, हे सगळे त्याच रांगेतले. मुंबई–आग्रा, सुरत–नागपूर आणि सोलापूरकडून येणारा असे तीन मोठे मार्ग धुळ्यात एकत्र येतात. या मार्गांवर दिवसरात्र धावणाऱ्या मालवाहू गाड्या चालवणाऱ्यांपैकी किती जण मालक असतील, याचा अंदाज कोणत्याही ढाब्यावर तासभर बसले तरी येतो.

विमा गाडीचा आहे, चालवणाऱ्याचा नाही, आणि खोट नेमकी इथेच आहे.

भारतात मोटार विम्याची सक्ती १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने आणली आणि तिचा अंमल १९४६ पासून सुरू झाला. आजच्या १९८८ च्या कायद्यात ती कलम १४६ मध्ये आहे. विमा नसलेले वाहन सार्वजनिक रस्त्यावर स्वतः चालवायचे नाही आणि दुसऱ्याला चालवू द्यायचे नाही, असा हा नियम. मोडला तर पहिल्यांदा २,००० आणि पुन्हा मोडला तर ४,००० रुपये दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सक्ती आहे ती ‘थर्ड पार्टी’ विम्याची. विमा कंपनी पहिला पक्ष, मालक दुसरा आणि गाडीखाली सापडलेला परका माणूस तिसरा. त्या तिसऱ्याला गरीब मालकाच्या भरवशावर सोडायचे नाही, हा या कायद्यामागचा मोठा विचार. म्हणूनच पॉलिसीत साधारणपणे कोणीही परवानाधारक माणूस मालकाच्या संमतीने गाडी चालवू शकतो आणि त्याच्या हातून दुसऱ्याला इजा झाली तर कंपनी बांधील राहते. चालकाचे नाव पॉलिसीत असावे लागत नाही. मागून नेलेल्या गाडीच्या बाबतीत ही सोय फार मोलाची आहे आणि ती हलवण्याचे काही कारण नाही.

पण या तीन पक्षांत गाडी मागून नेणारा कुठे बसतो? सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर २००९ मध्ये दिले. इरकल लुगड्यांमुळे मराठी घरांना ओळखीचे असलेले कर्नाटकातले इलकल. तिथून एक माणूस दुसऱ्याची मोटारसायकल घेऊन गुडूर या आपल्या गावी निघाला होता. पुढे लोखंडी पत्रे लादलेली बैलगाडी अचानक थांबली. तो तिच्यावर आदळला आणि गेला. घरच्यांनी मोटारसायकलच्या विमा कंपनीकडे, म्हणजे युनायटेड इंडिया इन्शुरन्सकडे, कायद्याच्या कलम १६३-अ खाली भरपाई मागितली. चूक कोणाची हे सिद्ध न करता ठरावीक कोष्टकानुसार भरपाई देणारे हे कलम २०२२ पर्यंत कायद्यात होते. न्यायालय म्हणाले, ज्याने मालकाकडून गाडी मागून घेतली तो मालकाच्याच जागी उभा राहतो. भरपाई द्यायची जबाबदारी मालकाची, मग त्याच्या जागी उभ्या असलेल्या माणसाने ती मागायची कोणाकडे? या कलमाखाली दावा टिकला नाही.

२०२० च्या जानेवारीत राजस्थानातल्या एका प्रकरणात न्यायालयाने तेच पुन्हा सांगितले. तिथेही मागून घेतलेली मोटारसायकल होती, पण धडक दुसऱ्या मोटारसायकलशी झालेली होती. वारसांनी दावा लावला तो फक्त मागून घेतलेल्या गाडीच्या मालकावर आणि तिच्या कंपनीवर. ज्या दुसऱ्या गाडीशी टक्कर झाली तिच्या मालकाला त्यांनी पक्षकारच केले नाही. शेवटी पॉलिसीतल्या वैयक्तिक अपघात कलमापोटी १ लाख रुपये तेवढे मंजूर झाले. खान्देशातल्या वकिलांनी आणि त्यांच्याकडे जाणाऱ्यांनी या निकालातून एवढे तरी लक्षात ठेवावे: समोरच्या गाडीची चूक असेल तर दावा समोरच्या गाडीवर लावायचा. कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती २०२२ च्या १ एप्रिलपासून या बाबतीत लागू झाली आणि तिने दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली. तेव्हा चालढकल परवडत नाही.

पण समोर गाडीच नसेल तर? रात्री दिव्याविना उभी असलेली ट्रॉली, रस्त्यात आडवे आलेले जनावर, पावसात न दिसलेला खड्डा, डोळा लागून झाडावर गेलेली गाडी असे अपघात या रस्त्यांवर नित्याचे आहेत. अनोळखी वाहन धडक देऊन पळाले तर सरकारी योजनेतून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळू शकतात. बाकी ठिकाणी चालवणाऱ्याचे घर उघडे पडते. २०२५ च्या जुलैमध्ये कर्नाटकातल्याच एका प्रकरणात, स्वतःच्या बेदरकार चालवण्याने मृत्यू आलेल्या चालकाच्या वारसांची मागणी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. त्यानंतर महिनाभरातच त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने दोष सिद्ध न करता मिळणाऱ्या भरपाईचा हा प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा, असे म्हटले. म्हणजे न्यायालयालाही तो पुरता मिटलेला वाटत नाही. पण निकाल लागेपर्यंत माणसे मरायची थांबत नाहीत. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. दुचाकी हेच घरात सगळ्यात जास्त हात बदलणारे वाहन आहे.

कोणी म्हणेल, पंधरा लाखांचा सक्तीचा अपघात विमा आहे ना? आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या आदेशानंतर विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०१८ मध्ये ही रक्कम १५ लाख केली. त्याआधी ती दुचाकीला १ लाख आणि मोटारीला २ लाख होती. सुरुवातीचा हप्ता वर्षाला ७५० रुपये ठरला. फार चांगला निर्णय. पण या संरक्षणाचा लाभ कोणाला, ते पाहा. माणूस गाडीचा नोंदणीकृत मालक हवा, पॉलिसी त्याच्याच नावाने हवी आणि त्याच्याकडे चालू परवाना हवा. तिन्ही अटी जुळल्या तरच पैसे. वडिलांच्या नावावरची मोटारसायकल चालवणारा मुलगा यात बसत नाही. नवऱ्याच्या स्कूटरवरची बायको बसत नाही. गाडी कंपनीच्या किंवा संस्थेच्या नावावर असेल तर हे कलम लागूच होत नाही. गाडीचा हप्ता घरातल्या एकाच पाकिटातून जातो, गाडी सगळे घर चालवते आणि संरक्षण मात्र एका नावाला मिळते.

डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पाकिटात घडी करून ठेवलेली पॉलिसी एकदा उघडून पाहावी. पहिल्या पानावर मालकाचे नाव, इंजिन नंबर, चासी नंबर, मुदतीच्या दोन तारखा. खाली दोन रकाने. डावीकडे गाडीच्या नुकसानीचा हिशेब, उजवीकडे जबाबदारीचा. खरे वाचायचे ते उजवीकडे. पहिली मोठी रक्कम थर्ड पार्टीची. २०२२ मध्ये ठरलेल्या दराने १००० ते १५०० सीसीच्या खासगी मोटारीला ती ३,४१६ रुपये आणि ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला ७१४ रुपये. तिच्याखाली मालक-चालकाच्या अपघात विम्याची ओळ. त्याखाली, असली तर, पगारी चालकाबद्दलच्या कायदेशीर जबाबदारीची ओळ आणि तिच्यापुढे आकडा फक्त ५० रुपये. एजंटने विचारले नाही, मालकाने सांगितले नाही, तर तिथे शून्य किंवा कोरी जागा असते. नाव घालून दुसऱ्या एखाद्या व्यक्तीसाठी अपघात संरक्षण वाढवून घेण्याची सोयही याच रकान्यात आहे. पॉलिसी इंग्रजीत, अक्षर बारीक, म्हणून ती कोणी वाचत नाही.

त्या ५० रुपयांच्या ओळीचे मोल किती? पगारी चालक कामावर असताना गेला तर त्याच्या वारसांना १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने घालून दिलेल्या सूत्राने पैसे मिळतात: महिन्याच्या वेतनाचा निम्मा भाग गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. २०२० पासून वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये धरली गेली. तीस वर्षांच्या चालकाचा गुणक २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८ बरोबर १५,५९,८५० रुपये. चाळीस वर्षांच्या चालकासाठी गुणक १८४.१७ आणि रक्कम १३,८१,२७५ रुपये. चूक कोणाची हा प्रश्न सहसा आडवा येत नाही.

आता दोन माणसे शेजारी शेजारी ठेवून पाहू. एकच गाडी, एकच रस्ता, एकच अपघात, दोघेही तीस वर्षांचे. एकाला मालकाने पगारावर ठेवले होते. दुसऱ्याने गाडी मागून नेली होती. पहिल्याच्या घरी साडेपंधरा लाख येतात, दुसऱ्याच्या घरी काहीच नाही. धोका दोघांनी सारखाच पत्करला. फरक एवढाच की एकाने पैशासाठी चालवली आणि दुसऱ्याने नात्यासाठी.

त्यातही पहिल्याच्या नोकरीचा पुरावा कागदावर असतोच असे नाही. खान्देशात ड्रायव्हर खेपेवर ठरतो, रोजाने ठरतो, फोनवर ठरतो. नेमणूकपत्र नाही, बँकेत पगार नाही, नगद हातावर. अपघात झाल्यावर मालक घाबरतो आणि ‘तो आमच्याकडे कामाला नव्हता, ओळखीतला होता’ असे सांगून मोकळा होतो. त्या एका वाक्याने पगारी चालक क्षणात मागून नेणारा ठरतो आणि घराचा हक्क जातो. चालकाच्या विधवेला मग जळगावच्या किंवा धुळ्याच्या न्यायालयात आपला नवरा कोणाकडे कामाला होता हे साक्षीपुराव्याने शाबीत करावे लागते, आणि अपील झाले तर छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापर्यंत जावे लागते. माणसाचे संरक्षण मालकाच्या जबानीवर टांगून ठेवणारी व्यवस्था न्याय्य म्हणता येणार नाही.

गेल्या काही वर्षांतले तीन अपघात खान्देश विसरलेला नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत यावल तालुक्यात किनगावजवळ पपई भरलेला ट्रक उलटला आणि त्यावर बसलेले किमान १५ मजूर गेले. बरेचसे रावेर तालुक्यातले. २०२२ च्या १८ जुलैला इंदूरहून अमळनेरला येणारी एसटी मध्य प्रदेशात खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली. १२ जण गेले, त्यांत चालक आणि वाहकही होते. २०२३ च्या ४ जुलैला शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ एक भरधाव कंटेनर वाहनांना उडवत महामार्गाकाठच्या हॉटेलात शिरला. किमान १० जणांचा बळी गेला. तिन्ही ठिकाणी गाड्या अवजड आणि धंद्याच्या. अशा गाड्यांवरच्या माणसांचे हक्क कायदा वेगवेगळ्या खणांत ठेवतो. एसटीसारख्या राज्य परिवहन उपक्रमांना स्वतःचा निधी उभारून विम्याच्या सक्तीतून सूट घेता येते. एसटी २०१६ पासून तिकिटामागे एक रुपया घेऊन प्रवाशांसाठी अपघात साहाय्य निधी चालवते. मालट्रकवर मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी बसला तर तो विम्यात येतो, फुकट चढलेला प्रवासी येत नाही. म्हणजे गाडीवर बसलेला माणूस कोण, यावर सगळे ठरते, आणि पहाटे शेतावर निघालेल्या मजुराला किंवा ड्रायव्हरला आपण कोणत्या खणात आहोत हे कधी कोणी सांगत नाही.

या भागातला आणखी एक प्रकार याहून सर्रास चालतो. जुनी गाडी विकली जाते, टीटी फॉर्मवर सह्या होतात, नोटरी होते, पैसे हातात पडतात. आरटीओत नाव बदलायचे मात्र ‘पुढच्या महिन्यात’ राहते. गाडी तीन हात फिरते आणि आरसी पहिल्याच्या नावावरच असते. एमएच १९ किंवा एमएच १८ च्या किती गाड्या अशा चालतात हे प्रत्येक गॅरेजवाला सांगेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. विकणाऱ्याला वाटते गाडी गेली, पण जबाबदारी त्याच्याच दारात उभी असते. घेणाऱ्याला वाटते गाडी आपली, पण विम्याच्या लेखी तो परका. थर्ड पार्टी विमा नव्या मालकामागे आपोआप जातो, परंतु गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण कंपनीकडे नाव बदलून घेतल्याशिवाय जात नाही. ते १४ दिवसांत करायचे असते. आणि पंधरा लाखांचा अपघात विमा? जुना मालक गाडी चालवत नाही आणि नवा नोंदणीकृत मालक नाही. हप्ता भरलेला, लाभार्थी कोणीच नाही.

गाडी देणाऱ्याचेही नुकसान आहे. परवाना नसलेल्या पुतण्याला किल्ली दिली आणि कोणी जखमी झाले, तर न्यायालय कंपनीला सहसा सांगते, आधी जखमीला पैसे द्या आणि नंतर मालकाकडून वसूल करा. ही वसुली शेतापर्यंत येऊ शकते. अल्पवयीन मुलाला गाडी दिली तर २०१९ पासून पालकाला किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. खासगी पॉलिसीची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने लावली तर पॉलिसीची अट मोडते. परवान्याच्या बाबतीत एक अडचण मात्र दूर झाली आहे. हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतची व्यावसायिक गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पक्के केले. पिकअप आणि छोटा हत्ती चालवणाऱ्या हजारो पोरांना याचा आधार झाला.

मग उपाय काय? अमेरिकेत गाडी नसलेल्या चालकासाठी वेगळी पॉलिसी मिळते. जळगावहून तिकडे शिकायला गेलेल्या मुलाने मित्राची मोटार अधूनमधून चालवायची ठरवली तर तो ती घेऊ शकतो. ब्रिटनमध्ये विमा बराचसा चालकाच्या नावाशी बांधलेला असतो आणि दुसऱ्याची मोटार काही दिवसांसाठी चालवायची असली तर तेवढ्या मुदतीचा विमाही मिळतो. पण अमेरिकेतली ती पॉलिसी मुख्यतः दुसऱ्याला झालेल्या नुकसानीची असते. चालवणाऱ्याच्या स्वतःच्या जिवासाठी किंवा मागून घेतलेल्या मोटारीसाठी नसते. भारतात दुसऱ्याचे नुकसान गाडीच्या विम्यातून आधीच भरून येते, निदान जिथे विमा चालू आहे तिथे. इथे उघडा आहे तो चालवणारा. तेव्हा तिकडची पॉलिसी उचलून इकडे आणली तर ज्याची गरज कमी ते मिळेल आणि ज्याची जास्त ते राहून जाईल.

तरी एका ठिकाणी तशा पॉलिसीचीही गरज आहे. संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीपुढे आलेल्या माहितीनुसार देशातली निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना धावतात. अशी गाडी मागून नेली आणि अपघात झाला, तर भरपाईचा हुकूम मालकाबरोबर चालवणाऱ्यावरही होतो. उसन्या गाडीचा विमा संपला होता हे ‘माहीत नव्हते’ म्हणून सुटका होत नाही. रोज वेगवेगळ्या मालकांच्या गाड्या हाकणाऱ्या बदली ड्रायव्हरला परवान्याशी जोडलेले, स्वतःच्या नावाचे संरक्षण विकत घेता आले पाहिजे.

मोठा उपाय त्याहून सोपा आहे. पंधरा लाखांच्या सक्तीच्या अपघात विम्यातली नोंदणीकृत मालकाची अट काढावी आणि मालकाच्या संमतीने, चालू परवान्यावर गाडी चालवणाऱ्या कोणालाही तो लागू करावा. एका वेळी गाडी एकच माणूस चालवतो. म्हणून धोका एका माणसाचाच राहतो. नाव तेवढे बदलते. हप्ता थोडा वाढेल, पण २०१८ मध्ये रक्कम एका झटक्यात १ लाखावरून १५ लाखांवर नेली तेव्हाही तो लोकांनी भरला. नियामकाला असे बदल परके नाहीत. २०२२ मध्ये त्याने एकाच मालकाच्या अनेक गाड्यांना एक पॉलिसी आणि वापरानुसार हप्ता अशा सोयींना परवानगी दिली. त्याआधी २०२० मध्ये प्रयोग म्हणून चालकाचे वय आणि अनुभव पाहून हप्ता ठरवणारी पॉलिसी एडलवाइज कंपनीने बाजारात आणली होती. शहरातल्या मोटारमालकासाठी एवढे सुचू शकते, तर वडिलांच्या मोटारसायकलवरून कॉलेजला जाणाऱ्या चोपड्याच्या मुलासाठीही सुचायला हवे.

यावर दोन हरकती येतात. पहिली, अशाने बेफिकिरी वाढेल. पण जिवाच्या भरवशावर कोणी बेफिकीर होत नाही, आणि परवान्याची अट कायम राहणारच आहे. उलट संरक्षण परवान्यावर अवलंबून असले तर परवाना काढण्याची ओढ वाढेल. दुसरी, खोटे दावे होतील. खोटेपणा आजही होतो: चालवणाऱ्याकडे परवाना नसला की अपघातानंतर परवानाधारक माणूस चालक म्हणून पुढे केला जातो. त्यावर पोलीस तपास आणि पुरावा हाच इलाज आहे. लबाडांच्या भीतीने प्रामाणिक घरांना हक्क नाकारणे हा इलाज नव्हे.

हा बदल होईपर्यंत हाती काय आहे? पंतप्रधान सुरक्षा विमा योजना २०१५ पासून आहे. वर्षाला २० रुपये बँक खात्यातून कापले जातात आणि १८ ते ७० वयाच्या माणसाला अपघाती मृत्यूला २ लाखांचे संरक्षण मिळते. गाडी कोणाची, हा प्रश्न तिथे विचारला जात नाही. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेतून काही शे रुपयांत दहा लाखांचा अपघात विमा मिळतो. शेतकऱ्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तीत खातेदार आणि घरातला आणखी एक माणूस येतो आणि मृत्यूला २ लाख मिळतात. मात्र गाडी चालवताना अपघात झाला तर तिथेही परवाना लागतो. या सगळ्या रकमा पंधरा लाखांपुढे थोड्या आहेत, पण शून्यापुढे मोठ्या आहेत. अडचण माहितीची आहे: खात्यातून २० रुपये कापले जातात हे घरच्यांना ठाऊक नसते, म्हणून हक्काचा दावा होतच नाही.

इथे खान्देशातल्या संस्थांचे काम सुरू होते. केळी वाहतूकदारांच्या संघटना, बाजार समित्या, पतसंस्था, विकास सोसायट्या आणि ड्रायव्हिंग स्कूल यांनी मनावर घेतले तर ड्रायव्हरांचा गट अपघात विमा एका हंगामात उभा राहू शकतो. पतसंस्था गाडीला कर्ज देताना पॉलिसी पाहतेच. त्याच वेळी पगारी चालकाची ५० रुपयांची ओळ भरली आहे का, एवढे तिने तपासावे. मालकाने खेपेच्या ड्रायव्हरला पैसे मोबाइलवरून द्यावेत, म्हणजे नोकरीचा पुरावा आपोआप राहतो. गाडी विकणाऱ्याने आरटीओत नाव बदलल्याशिवाय किल्ली देऊ नये. आणि गाडी मागून नेणाऱ्याने चावी घेताना विम्याची मुदत मालकाला विचारावी. यात नात्याला काही कमीपणा येत नाही.

जळगाव, रावेर आणि धुळ्याच्या खासदारांनी हा प्रश्न लोकसभेत आणि विमा नियामकापुढे मांडला पाहिजे. मागणी फक्त एक ठेवावी: नोंदणीकृत मालक असण्याची अट काढा, संमतीने आणि परवान्यावर चालवणाऱ्या प्रत्येकाला तो पंधरा लाखांचा विमा द्या. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. नियामकाच्या एका परिपत्रकाने ही रक्कम वाढली होती, तसेच एक परिपत्रक पुरे आहे.